पॅड बांधून बसलेला मुलगा

दोस्तांनो, भातकापणी उरकली की आपल्या कशेळ्याच्या आसपासची खाचरं मोकळी होतात. मग चार दिवसांत तिथे स्टंप ठोकलेले दिसतात. चेंडू धसकटावर आपटून कुठेही उडतो, पण तक्रार कुणाची नसते. तक्रार असते ती वेगळीच. ज्याची बॅट तो पहिला, त्याचा भाऊ दुसरा, मोठी मुलं तिसरी-चौथी, आणि शेवटच्या नंबरचं पोर संध्याकाळभर चेंडू आणून देतं. त्याचा नंबर येतो न येतो तोच कोथळीगडामागे अंधार दाटतो आणि बॅटवाला बॅट काखेत मारून घरी!

असा कुणी तुमच्यात आहे का? असेल तर आजची गोष्ट खास त्याच्यासाठी. आणि मुलींनो, ती तुमच्यासाठीही आहे. का, ते पुढे कळेल.

गोष्ट सुरू होते फेब्रुवारी १९८८ मध्ये, मुंबईच्या आझाद मैदानावर. हॅरिस शिल्ड ही मुंबईतली शाळाशाळांची क्रिकेट स्पर्धा. शंभर वर्षांहून जुनी. तिच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स अशी गाठ होती. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले आणि दोन मुलं खेळपट्टीवर एकत्र आली. एकाचं नाव विनोद कांबळी, दुसऱ्याचं सचिन तेंडुलकर. पुढचा नंबर होता तेरा वर्षांच्या अमोल मुझुमदारचा. अमोलने पॅड बांधले, हातमोजे शेजारी ठेवले आणि तो बसला.

तो बसूनच राहिला!

दिवस संपला तरी दोघे नाबाद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड, पुन्हा तेच. आचरेकर सर स्वतः मैदानावर नव्हते. त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण सर सीमारेषेवरून 'डाव घोषित करा' अशा खुणा करत होते, आणि ही दोन वस्ताद पोरं तिकडे बघायचंच टाळत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत आचरेकर सरांचा निरोप आला आणि डाव थांबला. विनोद ३४९ वर होता. साडेतीनशेसाठी एकच धाव करू द्या म्हणून त्याने विनवण्या केल्या, पण सर बधले नाहीत, असं सांगतात. सचिन नाबाद ३२६. दोघांची भागीदारी ६६४ धावांची, आणि फलकावर २ बाद ७४८! तो आकडा जगभर गाजला. सचिन-विनोदचे फोटो छापून आले. अमोलने पॅड सोडून पिशवीत भरले.

हा प्रसंग अमोलच्या बाबतीत इतक्यांदा सांगितला गेला आहे की जणू त्याचं सगळं आयुष्य बाकावरच गेलं. तसं मुळीच नाही हं. त्याला बॅटिंग मिळाली, आणि मिळाली तेव्हा त्याने काय केलं तेही ऐका.

१९९३-९४ चा रणजी हंगाम. मुंबईकडून पहिलाच सामना, समोर हरयाणा, मैदान फरिदाबादचं. एकोणीस वर्षांच्या अमोलने २६० धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात तेव्हा जगात कुणीही इतक्या धावा केलेल्या नव्हत्या. हा विक्रम थोडीथोडकी नाही, चोवीस वर्षं टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ करून तो मोडला.

सगळे म्हणू लागले, हा आता भारताकडून खेळणार. राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांच्याबरोबर तो भारत 'अ' संघातून खेळलासुद्धा. १९९६ च्या जूनमध्ये राहुल आणि सौरव लॉर्ड्सवर कसोटीत उतरले. सौरवने शतक काढलं, राहुलचं शतक पाच धावांनी हुकलं, आणि दोघे संघात कायमचे ठाण मांडून बसले. अमोलचा नंबर पुन्हा 'पुढचा' तो पुढचाच!

आता तुम्हीच जरा निवड समिती व्हा. कागद-पेन्सिल घ्या आणि त्या काळातली भारताची मधली फळी लिहून काढा. सचिन, राहुल, सौरव, अझरुद्दीन, आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मण. आता यातला कुणाला काढून अमोलला घ्याल? मी हा खेळ बऱ्याच जणांबरोबर खेळलो आहे. पेन्सिल चावत बसतात सगळे. अमोलवर अन्याय झाला असं लोक म्हणतात, पण माझ्या मते निवड समितीला सगळा दोष देऊन चालणार नाही. एकाच पिढीत इतके चांगले फलंदाज जन्माला आले आणि जागा मोजक्याच होत्या. हे काही कुणाचं पाप नव्हे. त्याने अमोलचं दुःख कमी झालं असेल असं मात्र मला वाटत नाही.

तो खेळत राहिला. एक-दोन नव्हे, वीस वर्षं. मुंबईकडून, मग आसामकडून, मग आंध्रकडून. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. रणजी करंडकात सगळ्यांत जास्त धावा एके काळी त्याच्या नावावर होत्या. पुढे वसीम जाफरने त्याला मागे टाकलं. एवढं करून भारताकडून सामने किती? शून्य. कसोटी नाही, एकदिवसीय नाही, काही नाही. २०१४ मध्ये त्याने बॅट ठेवली.

पण त्याआधीचा एक हंगाम सांगायलाच हवा. २००६-०७. अमोल मुंबईचा कर्णधार. सुरुवातीचे सामने हरून मुंबईचा संघ गुणतक्त्यात तळाला जाऊन बसला होता. तिथून कसाबसा सावरत तो उपांत्य फेरीत पोचला. सामना बडोद्यात, बडोद्याशीच. मुंबईच्या दुसऱ्या डावात फलकावर आकडा लागला: ५ बाद ०.

नाही, छापताना चूक झालेली नाही. पाच गडी बाद आणि धावा शून्य! आपल्या खाचरातसुद्धा असं सहसा होत नाही. मग खालच्या फलंदाजांनी चिवटपणे झुंज दिली, मुंबई १४५ पर्यंत गेली आणि सामना ६३ धावांनी जिंकलीसुद्धा. अंतिम सामना वानखेडेवर बंगालशी झाला. त्यात साक्षात सचिन अमोलच्या हाताखाली खेळला आणि त्याने शतक काढलं. मुंबईने करंडक उचलला. मला वाटतं, पुढे मार्गदर्शक झालेल्या अमोलची पहिली ओळख इथे होते. संघ तळाला गेला, पाच गडी शून्यावर गेले, तरी ड्रेसिंग रूममध्ये घबराट पसरू द्यायची नाही, हे काम स्वतः बॅट हातात न घेता करायचं असतं.

इथपर्यंत आपण त्याला 'अरे अमोल' म्हणत आलो. पण खेळाडू प्रशिक्षक झाला की सगळे त्याला सर म्हणतात. आपणही म्हणू या.

तर मुझुमदार सरांनी शिकवायचं ठरवलं. पण चांगलं खेळता येतं म्हणजे चांगलं शिकवता येतं असं नसतं बरं का! तुमच्या वर्गातल्या गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला एखादं उदाहरण समजावून सांगायला लावा. 'अरे, सोप्पं आहे!' एवढंच तो म्हणेल. प्रशिक्षकाला स्वतःला काय जमत होतं ते विसरून समोरच्याला काय जमत नाही ते बघावं लागतं. सरांनी हे काम खालच्या पायरीपासून केलं. भारताच्या लहान वयोगटांतल्या मुलांबरोबर काम केलं. आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सच्या फलंदाजांना शिकवलं. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात कसोटी खेळायला आला, तेव्हा त्यांनी फलंदाजीचे मार्गदर्शक म्हणून कुणाला घेतलं असेल? मुझुमदार सरांना! ज्याला भारताने कसोटीत घेतलं नाही, तो दुसऱ्या देशाच्या कसोटी संघाला शिकवत होता.

२०२१ मध्ये सर मुंबईच्या रणजी संघाचे प्रशिक्षक झाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई अंतिम फेरीत पोचली. जून २०२२, बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर मध्य प्रदेश. त्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकर सरांचेच चेले! इतकंच नाही, पंडित सर पूर्वी मुंबईचे प्रशिक्षक असताना मुझुमदार सर त्यांच्या हाताखाली खेळले होते.

पंडित सरांचीही एक वेगळीच कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. ते मुंबईचे यष्टिरक्षक. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. कारकिर्दीच्या शेवटी ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले आणि १९९९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्या संघाचे कर्णधार होते. मैदान हेच, चिन्नास्वामी! पहिल्या डावात मध्य प्रदेशने कर्नाटकावर ७५ धावांची आघाडी घेतली होती. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी असणारा संघ जिंकतो. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहायचं होतं. पण संघ १५० धावांत गारद झाला आणि ९६ धावांनी हरला. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यानंतर पंडित सर प्रशिक्षक झाले. मुंबईला तीनदा आणि कधीच रणजी न जिंकलेल्या विदर्भाला ओळीने दोनदा त्यांनी करंडक मिळवून दिला. आणि तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशला घेऊन ते परत आले.

मुंबईने ३७४ धावा केल्या, त्यात सर्फराज खानच्या १३४. मध्य प्रदेशच्या यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतकं काढून उत्तर दिलं: ५३६! मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. पंडित सरांच्या डोळ्यांना पाणी आलं, मुलांनी त्यांना उचलून घेतलं. मुझुमदार सर पलीकडच्या बाजूला होते. हरलेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईने सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी करंडक पहिल्यांदा जिंकला, तोही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. पण त्याची फारशी चर्चा झाली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना नवं काम मिळालं. भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक! भारताची टोपी खेळाडू म्हणून कधी न मिळालेल्या माणसाकडे आता भारताचा आख्खा संघ आला.

मुलींच्या संघाची तोवरची कहाणी तुम्हाला माहीत असेल. २००५ मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अवघ्या ९ धावांनी हरलो. जिंकत आणलेले सामने शेवटी सोडून देतात, असा शिक्काच त्यांच्यावर बसला होता. नव्या सरांची सुरुवात तर झकास झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी लोळवलं आणि लगेच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं. पण २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडला. टीका झाली. व्हायचीच.

मग आला २०२५ चा एकदिवसीय विश्वचषक, घरच्या मैदानांवर. श्रीलंका आणि पाकिस्तानला हरवून सुरुवात झाली आणि मग गाडी घसरली. ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणममध्ये दक्षिण आफ्रिकेने हरवलं. १२ तारखेला तिथेच आपण ३३० धावा करूनही ऑस्ट्रेलियाने हरवलं. इतक्या धावांचा पाठलाग महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर कुणी केलाच नव्हता. १९ तारखेला इंदूरला इंग्लंडविरुद्ध जिंकता जिंकता ४ धावांनी हरलो. स्मृती मानधना, आपली सांगलीची, त्या दिवशी ८८ वर बाद झाली. ओळीने तीन पराभव! उरलेल्या सामन्यांत पाय घसरला की घरी.

अशा वेळी प्रशिक्षक काय करतो? मैदानात तर तो जाऊ शकत नाही. झेल त्याला पकडता येत नाही. चौकार मारता येत नाही. त्याच्या हातात काही गोष्टी असतात: सराव कसला करायचा, कुणाला खेळवायचं, कोणत्या नंबरवर पाठवायचं आणि कुणाशी काय बोलायचं. आता जेमिमा रॉड्रिग्जचंच बघा. ही मुंबईची मुलगी. इंग्लंडच्या सामन्यात तिला चक्क बाहेर बसवलं होतं, एक गोलंदाज वाढवायचा म्हणून. आता म्हणाल, हेच का ते शहाणपण? सामना तर हरलोच! खरं आहे. प्रशिक्षकाचे सगळेच निर्णय बरोबर ठरत नाहीत. पण पुढच्या, न्यूझीलंडच्या सामन्यात जेमिमाला परत घेतलं आणि एकदम तिसऱ्या नंबरवर पाठवलं. तिने नाबाद ७६ केल्या. स्मृती आणि प्रतिका रावल यांनी शतकं काढली. भारत उपांत्य फेरीत!

तिथे समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. मधल्या काळात प्रतिकाचा पाय दुखावला आणि संघात नसलेल्या शेफाली वर्माला तातडीने बोलावलं गेलं. ३० ऑक्टोबरला नेरूळला ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा उभारल्या. जेमिमाला वाटत होतं आपण पाचव्या नंबरवर जाणार. आत जायच्या पाच मिनिटं आधी तिला कळलं, तिसऱ्या! शेफाली दुसऱ्याच षटकात बाद झाली आणि जेमिमा निघाली. मैदानावर पोचली ती सामना संपेपर्यंत हललीच नाही. तिचे झेल सुटले, ती थकली, पण १२७ वर नाबाद राहिली. कर्णधार हरमनप्रीत कौरने ८९ केल्या. भारत ५ बाद ३४१! अठरा दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाने आपल्याविरुद्ध केलेला पाठलागाचा विक्रम आपण त्यांच्याविरुद्धच मोडला.

त्या दिवशी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर सरांनी फक्त एक गोष्ट लिहिली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. अंतिम फेरीत जायला आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी, बस! तीनशे एकोणचाळीस हा आकडा डोक्यावर घेऊन मैदानात जायचं की 'एक धाव जास्त' घेऊन जायचं? परीक्षेच्या आदल्या रात्री आख्खं पुस्तक बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना यातली गंमत लगेच कळेल.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना तुमच्यापैकी कित्येकांनी जागून पाहिला असेल. कर्जतहून लोकलने ठाणे, तिथे गाडी बदलून नेरूळ, एवढ्या अंतरावर विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता! पावसाने दोन तास खाल्ले. पाचला खेळ सुरू झाला. शेफाली, जी आठवड्यापूर्वी संघात नव्हती, तिने ८७ धावा केल्या. दीप्ती शर्माने ५८. भारताच्या २९८. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूल्व्हार्ट एका बाजूने किल्ला लढवत होती. मध्येच हरमनप्रीतला काय वाटलं कोण जाणे, तिने चेंडू शेफालीच्या हातात दिला. शेफाली काही नेहमीची गोलंदाज नव्हे, पण तिने पाठोपाठ दोन महत्त्वाचे बळी घेतले. वूल्व्हार्टने शतक पुरं केलं, आणि मग तिचा उंच उडालेला झेल अमनजोत कौरच्या हातातून निसटला, पुन्हा निसटला आणि तिसऱ्यांदा एकदाचा पकडला गेला! बघणाऱ्यांचे श्वास अडकले होते.

मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा झेल घेतला. दीप्तीचे पाच बळी. भारत ५२ धावांनी जिंकला. महिलांचा विश्वचषक पहिल्यांदाच आपल्याकडे आला.

मैदानात नुसता कल्लोळ. मुली रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. हरमनप्रीत मुझुमदार सरांजवळ आली, खाली वाकली आणि तिने त्यांच्या पायांना हात लावला. सरांनी तिला उठवून मिठी मारली. त्यांचं वय तेव्हा पन्नास होतं. नऊ दिवसांनी, अकरा नोव्हेंबरला, ते एक्कावन्न वर्षांचे झाले.